रांगेत आपला क्रमांक

बसस्थानकाच्या पहिल्या मजल्यावर काचेची एक खोली आहे, जेमतेम दोन खुर्च्या मावतील एवढी. त्या खोलीत बावीस वर्षं बसून एका बाईने अख्ख्या शहराला आपापल्या गाडीत बसवलं. तिचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं. लोक तिला घोषणाताई म्हणत. ती भाजी घ्यायला उभी राहिली तरी शेजारचा माणूस नकळत आपली पिशवी उचलून तयारीत राहायचा, असा तो आवाज होता.

धंद्यामुळे तिला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची सवय जडली होती. गाडी कुठल्या फलाटावर लागली हे एकदा सांगून कोणालाच कळत नाही, हा तिचा अनुभव, आणि त्यात खोटं काही नाही. पण दुसऱ्यांदा सांगताना ती जरा सावकाश सांगे. एखादं म्हातारं माणूस गाठोडं सांभाळत चुकीच्या फलाटावर उभं असेल, ते दुसरं सांगणं त्याच्यासाठी. घरीही तेच. "जेवण वाढलंय. जेवण वाढलंय." तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि शब्दांच्या बाबतीत मोठा काटकसरी होता. लग्नानंतर वर्षभरात त्याने पहिलं वाक्य सोडून थेट दुसरं ऐकायची सवय लावून घेतली, आणि संसार सुरळीत चालला.

मग एका कंपनीची माणसं आली. म्हणाली, आम्हाला तुमचा आवाज हवाय. तिला वाटलं, एखादी गाडी नवीन सुरू होणार असेल. त्यांनी तिला एका खोलीत नेलं. तिथे चारही भिंतींना गाद्या उभ्या करून बांधल्या होत्या आणि मधे एक माइक होता. चार दिवस ती त्या गाद्यांशी बोलत होती. शून्य ते नऊ हे आकडे प्रत्येकी तीन तऱ्हेने म्हणायचे. सुरुवातीचा सात, मधला सात आणि शेवटचा सात. शेवटचा सात थोडा खाली उतरला पाहिजे, म्हणजे ऐकणाऱ्याला आपलं काम झाल्यासारखं वाटतं, असं तिला समजावण्यात आलं. "क्षमस्व" चौसष्ट वेळा म्हणून घेतलं. साधं क्षमस्व, मनापासूनचं क्षमस्व, आणि ज्याचा काहीही उपयोग होणार नाही असं क्षमस्व. तिसरं तिला पहिल्याच फटक्यात जमलं, त्याचं सगळ्यांना फार कौतुक वाटलं. शेवटी एका कागदावर सही झाली. तो कागद सतरा पानांचा होता आणि तिने तो वाचला नाही. तुम्हीआम्हीही वाचला नसता.

दोन महिन्यांत स्थानकावर यंत्र बसलं आणि तिच्याच आवाजात बोलू लागलं. स्थानकप्रमुख भला माणूस. तो म्हणाला, तुमची नोकरी कुठे जात नाही. यंत्र नीट बोलतंय की नाही, ते तुम्ही ऐकत बसायचं. तेव्हापासून घोषणाताई सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच स्वतःचं बोलणं ऐकत बसू लागली. यंत्राची एकच गोष्ट तिला खटकायची. तेही दोनदाच सांगायचं, पण दोन्ही वेळा अगदी सारखं. तिने तशी लेखी तक्रार दिली. उत्तर आलं की यंत्र दोन्ही वेळा बरोबर बोलत असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

इथवर सगळं पचलं असतं. पण तो आवाज स्थानकावर थांबला नाही. बघता बघता तो बँकेत गेला, दवाखान्यात गेला, गाड्या लावायच्या तळघरात गेला, इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरला आणि शेवटी कपडे धुवायच्या यंत्रात येऊन बसला. कुठेही जा, घोषणाताई तिथे आधीच पोचलेली.

त्याचा जो काय ताप झाला, तो सांगायची सोय नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाईंची पिशवी लिफ्टच्या दारात अडकली आणि त्यातली अंडी फुटली. वकीलबाईंनी घोषणाताईशी बोलणं टाकलं. मी आत शिरतेय हे दिसत असताना तुम्ही "दरवाजा बंद होत आहे" म्हणालातच कशा, असा त्यांचा सवाल होता. घोषणाताईने जिन्यात गाठून माफी मागितली, पण ती माफी हुबेहूब लिफ्टच्याच सुरात आली आणि प्रकरण जास्तच चिघळलं. फळवाल्याकडे तिने सफरचंदांचा भाव विचारला, तर तो हात बांधून उभाच राहिला. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणतो, पुढचे पर्याय ऐकतोय. बँकेत चाळीस मिनिटं फोनवर ताटकळलेले एक गृहस्थ तर रस्त्यात तिला आडवे आले आणि त्यांनी आपला सोळा आकडी खातेक्रमांक भर चौकात तिला खडाखडा म्हणून दाखवला.

घरात नवरा. कपड्यांचं यंत्र "कृपया कपडे बाहेर काढा" म्हणालं की तो वर्तमानपत्र टाकून उठायचा. हेच वाक्य ती एकोणीस वर्षं सांगत होती, तेव्हा त्याच्या अंगावरची माशीसुद्धा हलली नव्हती. तिने जाब विचारला. तो थोडा विचार करून म्हणाला, "ती कृपया म्हणते." यावर भांडावं तरी काय?

आणि लेक. ती नोकरीसाठी लांबच्या शहरात राहायची आणि रोज संध्याकाळी फोन करायची. तो फोन आठवड्यावर गेला, मग पंधरवड्यावर. कारण विचारलं तर लेक हसून म्हणाली की अगं आई, सकाळी बँकेत, दुपारी पार्किंगमध्ये तुझा आवाज कानावर पडतोच की, तू लांब आहेस असं वाटतच नाही. घोषणाताईच्या ते जिव्हारी लागलं. दोन दिवस तिने धड अन्न खाल्लं नाही. माझा आवाज म्हणजे मी नव्हे, असं ती नवऱ्याला सांगत राहिली, दोनदा.

आता खोटं कशाला बोला, तिच्याकडूनही काही वेगळं घडत नव्हतं. तिचे वडील शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत एकटे राहत. एकोणऐंशी वर्षांचे. कापड रंगवायच्या कारखान्यात चौतीस वर्षं बॉयलर सांभाळलेला माणूस, त्यात डावा कान गेलेला. लेकीकडे राहायला या म्हटलं की ते म्हणायचे, तुमच्या घरात आवाज फार कमी आहे, मला झोप लागणार नाही. घरात जुना तारेचा फोन होता. त्यावरून ते रविवारी लेकीला फोन करायचे. घोषणाताई फोन खांद्यात धरून भांडी पुसत "हं, हं" करायची आणि दुसऱ्या मिनिटाला म्हणायची, "बाबा, नंतर करते हं. नंतर करते." बहुतेक वेळा ते नंतर यायचंच नाही.

आठ महिन्यांपूर्वी तो रविवारचा फोन बंद झाला. तिने एकदोनदा लावून पाहिला तर लाइन व्यस्त. नंतरही ती आपल्या ठरलेल्या वेळी लावी, तेव्हा व्यस्तच. तिला काळजी वाटायला हवी होती. वाटलं मात्र बरं. बाबांना कोणी मित्र मिळाला असेल, गप्पा मारत असतील, असं तिने नवऱ्याला सांगितलं आणि आपल्या डोक्यावरचं ओझं अलगद खाली ठेवून दिलं.

एके दिवशी गॅस कंपनीतून बोलावणं आलं. आपल्या वडिलांच्या संदर्भात तातडीने भेटावे. ती हातातलं काम टाकून तिथे पोचली.

टेबलामागे ग्राहक समाधान अधिकारी बसला होता. तो स्वतः कशावरच समाधानी दिसत नव्हता. समोर तीन फोन होते, आणि ती "नमस्कार" म्हणाली तशी सवयीने त्याने त्यातल्या एकावरचं दोनचं बटण दाबलं. मग ओशाळून खुर्ची दाखवली. म्हणाला, तुमच्या वडिलांनी गेल्या आठ महिन्यांत आमच्या मदत क्रमांकावर दोनशे एकोणचाळीस वेळा फोन केला आहे. रोज एकदा. चाळीस मिनिटांनी लाइन आपोआप तुटते, तोवर ते फोन धरून ठेवतात. एवढं करून त्यांची तक्रार काहीच नाही. तक्रार असती तर आमची हरकत नव्हती, तक्रारीसाठीच तो क्रमांक आहे.

मग त्याने एका दिवसाचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. खोलीत आधी तिचाच आवाज आला, गाद्यांच्या खोलीतला, मऊ आणि स्वच्छ.

"आपला ग्राहक क्रमांक सांगा."

"बिलावर असेल गं चिमणे. आता चष्मा कोण शोधणार?" हे बाबा. चिमणी म्हणजे तीच. "तू जेवलीस का?"

"क्षमस्व. आपले उत्तर समजले नाही."

"लहानपणापासून तुला एकदा सांगून कळतच नाही. जेवलीस का, म्हटलं."

पुढे संगीत लागलं आणि त्या संगीतावर बाबा निवांत बोलत राहिले. गुडघा आता जिन्याच्या सातव्या पायरीला कुरकुरतो. समोरचे बिऱ्हाडकरू सोडून गेले, जाताना खुंटीवर छत्री विसरले. खिडकीत एक कबूतर येतं आणि त्याला एकच पाय आहे, पण बाकी तब्येत उत्तम. मधेच तिचा आवाज म्हणे, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. बाबा म्हणत, "हो गं, माहितेय."

घोषणाताई ऐकत होती आणि तिला हेवा वाटत होता. ज्या आवाजाचा हेवा करायचा तो आपलाच, हे ठाऊक असूनही वाटत होता. गेल्या कित्येक वर्षांत तिला कोणी जेवलीस का म्हणून विचारलं नव्हतं, आणि इथे एका यंत्राला ते रोज विचारलं जात होतं.

अधिकाऱ्याने एक कागद पुढे सरकवला. त्यावर तीन सह्या होत्या आणि एक वाक्य होतं. "आदरणीय बाबा, हा क्रमांक गप्पा मारण्यासाठी नाही, कृपया फोन ठेवावा व पुन्हा करू नये." हे वाक्य तेवढं तुमच्या आवाजात म्हणून द्या, असं तो म्हणाला. त्यांचा फोन आला की यंत्र फक्त हे वाजवेल. दुसऱ्या कोणाच्या आवाजात सांगून पाहिलं होतं, पण त्यांनी त्या माणसाला "चिमणीला दे" म्हणून सांगितलं.

"आणि मी नाही म्हटलं तर?" तिने विचारलं.

तर शुक्रवारपासून त्यांचा क्रमांक आमच्याकडे बंद होईल, तो म्हणाला. ज्याचा क्रमांक बंद, त्याला गॅसची गळती कळवता येत नाही. ज्याला गळती कळवता येत नाही, त्याला गॅस देणं धोक्याचं. तेव्हा त्यांचा गॅसही बंद होईल. त्यांच्याच सुरक्षिततेसाठी. हे त्याने इतक्या मायेने सांगितलं की क्षणभर तिला ते पटलंही.

विचार करून सांगते म्हणून तिने कागद पर्समध्ये टाकला आणि बाबांकडे जाणारी बस धरली. सारी वाट ते वाक्य कुठल्या सुरात म्हणावं, याचाच ती विचार करत होती. "बाबा" वर जोर द्यावा की "कृपया"वर? तीन थांबे गेल्यावर तिला नेमका सूर सापडला. सापडला तसा तिला स्वतःचाच तिटकारा आला आणि ती खिडकीतून बाहेर बघत बसली.

बाबांचं दार उघडंच होतं. फोनजवळ स्टुलावर उशी घालून ते बसले होते. हाताशी पाण्याचा तांब्या, बिस्किटांचा डबा, गुडघ्यावर टॉवेल, अशी सगळी जय्यत तयारी. उजव्या कानाला फोन. तिला पाहून त्यांचा चेहरा उजळला, पण त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

"बाबा, मी आलेय."

"हळू बोल," ते फोनवर हात ठेवून म्हणाले. "चौथा नंबर आलाय."

ती उभी राहिली. फोनमधून बारीकसा तिचा आवाज येत होता, रांगेत आपला क्रमांक चौथा आहे. बापाच्या घरात, बापासमोर, लेकीचं बोलणं चालू आहे म्हणून लेकीने गप्प उभं राहायचं. असा प्रसंग वैऱ्यावर येऊ नये. दोन मिनिटं तिने कळ काढली, मग तिचा बांध फुटला.

"बाबा, ते यंत्र आहे. ती मी नाही. ती मी नाही."

"मला काय खूळ लागलंय?" बाबा म्हणाले. त्यांना रागही आला नव्हता. "चौतीस वर्षं यंत्रापुढे काढली मी. यंत्र कळतं मला."

"मग त्याला जेवलीस का, असं काय विचारता?"

"बॉयलरलाही विचारायचो. पेटवल्यापासून वाफ धरायला वेळ लागतो. तोवर माणसाने करायचं काय?"

खाटेच्या कडेला टेकून तिने विचारलं की मग रोज चाळीस मिनिटं कशासाठी, काय हवंय काय तुम्हाला त्या कंपनीकडून? बाबांनी फोन या कानावरून त्या कानावर नेला, मग तो कान बहिरा असल्याचं आठवून परत आणला.

"ती म्हणते, थांबा, आमचं माणूस तुमच्याशी बोलेल. तुझ्या आवाजात म्हणते. म्हटलं, चिमणी म्हणतेय तर थांबून बघावं."

"पण मला करायचा की फोन."

"करायचो की. तू म्हणायचीस, नंतर करते." बाबा टॉवेलची घडी सारखी करत होते. "नंतर म्हणजे केव्हा, ते काही कळायचं नाही बघ. ही निदान सांगते, पुढे पाच जण आहेत. मग चार होतात, तीन होतात. बरं वाटतं. तुझ्याकडे माझ्यापुढे किती जण आहेत, ते तू कधी सांगितलंच नाहीस."

घोषणाताई मनातल्या मनात मोजू लागली. बसस्थानक, नवरा, लेक, भांडी, वकीलबाई. मोजता मोजता नळाची गळकी चकतीसुद्धा बाबांच्या आधी लागली, तेव्हा तिने मोजणं सोडून दिलं. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

तेवढ्यात फोनमधलं संगीत थांबलं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच पलीकडून एक जिवंत, दमलेला, सर्दी झालेला आवाज आला. "बोला, काय तक्रार आहे?"

बाबा दचकून उभेच राहिले. बिस्किटांचा डबा खाली पडला. एवढी वाट पाहिली, पण माणूस आलं तर काय बोलायचं, हे त्यांनी ठरवलंच नव्हतं. ते अडखळत म्हणाले, "तक्रार म्हणजे... होती. मुलगी भेटत नव्हती. आता समोर बसलीय."

पलीकडची बाई शिंकली आणि म्हणाली की असा रकाना आमच्याकडे नाही, मी 'इतर' मध्ये लिहिते. इथे तुमचा क्रमांक शुक्रवारी बंद करायचा असं दिसतंय, पण तक्रार नोंदली गेली, आता तो बंद होणार नाही. आणि मिटली असेल तर तसं सांगा, म्हणजे लगेच निकाली काढते.

बाबांनी फोनवर हात ठेवला आणि लेकीकडे पाहिलं. "मिटली का म्हणून विचारतेय. काय सांगू?"

बावीस वर्षं सगळ्या शहराला उत्तरं देणारी बाई या प्रश्नावर अडली. हो म्हणणं फार सोपं होतं. हो म्हटलं असतं तर तीही पंधरा मिनिटांत उठून संध्याकाळच्या बसने घरी गेली असती, आणि पुढच्या रविवारी कोणाची लाइन व्यस्त असती, हे तिला चांगलं माहीत होतं. तिने पर्समधला तो कागद काढून चुरगाळला, डोळे पुसले.

"मिटली म्हणून सांगू नका," ती म्हणाली. "महिन्याभराने विचारा म्हणावं."

बाबांनी तसा निरोप दिला, आभार मानले आणि फोन ठेवला. मग ते वाकून जमिनीवरची बिस्किटं गोळा करू लागले आणि त्यांनी विचारलं, "तू जेवलीस का?"

"नाही," ती म्हणाली. तिने हे एकदाच सांगितलं आणि ते त्यांना ऐकू गेलं.